नागपूरकर भोसल्यांच्या राजघराण्यातल्या चालीरीतींपैकी आज काही उरलं आहे का?

मी नागपूरच्या महाल भागातच लहानाचा मोठा झालो, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. वाडा बघायला याल तर फार थोडं हाती लागेल. काळ्या दगडाचा, कोरीव लाकूडकामाचा भोसल्यांचा मोठा राजवाडा १८६४ साली जळाला, नगारखान्याचा दरवाजा तेवढा राहिला. त्यापेक्षा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या.

त्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. दुसऱ्या रघुजीराजांनी तो १८०६ च्या सुमारास सुरू केला असं सांगतात. जिवंत बैल पोरांना आवरत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी लाकडाचे बैल. आजही पोरं चाकं लावलेला नंदी सजवून दोरीने ओढत घरोघर नेतात. घरची बाई नंदीची पूजा करते, पोराच्या हातावर बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, ठेवते. माझा नंदी आजोबांच्या लहानपणचा होता, एक शिंग तुटलेला. तोच आता माझी मुलगी ओढते.

त्याच दिवशी काळी मारबत, म्हणजे बाईचा मोठा काळा पुतळा, मिरवणुकीने निघते. ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत लोक तिला गावाबाहेर नेऊन जाळतात. ही मारबत म्हणजे बाकाबाई, इंग्रजांना मिळाली म्हणून, असं लहानपणापासून ऐकत आलो. आणि बाकाबाई कोण? याच दुसऱ्या रघुजींची राणी. सकाळी ज्या शहरात बायकोच्या नावाने शिमगा होतो, तिथेच संध्याकाळी नवऱ्याने लावलेली चाल पोरं हौसेने पाळतात.

मला हे फार लागतं. १८१८ नंतर कारभार इंग्रजांचा दरबारातला प्रतिनिधी, रेसिडेंट जेन्किन्स, याच्या हातात होता आणि लहानग्या तिसऱ्या रघुजीला सांभाळून राजघराण्याची घडी टिकवण्याचं काम या बाईकडे होतं. इंग्रजांशी जुळवून घेतल्याशिवाय तिला दुसरी वाट कुठे होती? १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी गेले, वारस नाही म्हणून गव्हर्नर जनरल डलहौसीने राज्य खालसा केलं. हत्ती, घोडे, बैल कवडीमोलाने विकले, जवाहीर कलकत्त्याला लिलावात गेलं. वाड्यातलं सामान हलवायला लागले तेव्हा म्हातारी बाकाबाई आडवी आली. सामानाला हात लावाल तर वाडा पेटवून देईन, अशी धमकी तिने दिली होती.

मुलीला मी मारबत दाखवायला नेतो. पण परत येताना वाटेत तिला ही वाड्याची गोष्टही सांगतो.