लोन ‘सँक्शन’ झालं म्हणजे मंजूर, मग देशावर ‘सँक्शन्स’ लावले म्हणजे निर्बंध कसे काय?

गोंधळ होणं अगदी साहजिक आहे आणि डिक्शनरी उघडलीत तर तो अजून वाढेल, कारण तिथे मंजुरी आणि शिक्षा हे दोन्ही अर्थ एकाखाली एक निवांत बसलेत. दोन्ही बरोबर आहेत. बँकेने लोन सँक्शन केलं म्हणजे मंजूर केलं, आणि बातमीत अमुक देशावर सँक्शन्स लावले म्हणजे व्यापार, बँक व्यवहार, प्रवास वगैरेंवर बंधनं घातली.

हे असं का झालं तर मूळ लॅटिन. ‘सांकिरे’ म्हणजे एखादी गोष्ट पवित्र, मोडता न येण्यासारखी ठरवणं. सेंट, सँक्च्युअरी हे शब्द पण त्याच घरातले. त्यावरून ‘सांक्शियो’, म्हणजे ठराव, फर्मान, आणि रोमन कायद्यात तर कायदा मोडणाऱ्याला काय शिक्षा ते सांगणारं कलम. म्हणजे शब्द ना हो म्हणत होता ना नाही, तो फक्त एवढंच सांगत होता की या नियमामागे जोर आहे. पुढे कोणी त्या जोराचं ‘अधिकाऱ्याचा शिक्का बसला’ हे टोक धरलं आणि त्यातून परवानगी आली, कोणी ‘मोडलात तर बघा’ हे टोक धरलं त्यातून शिक्षा आली. नुसता ‘फर्मान’ हा जुना अर्थ इतिहासाच्या पुस्तकात अजून भेटतो, 1713 साली पवित्र रोमन सम्राट सहावा चार्ल्स याने, मुलगा नसेल तर मुलीलाही वारसा मिळावा म्हणून काढलेलं ‘प्रॅग्मॅटिक सँक्शन’, तिथे मंजुरी पण नाही आणि निर्बंध पण नाहीत.

आता वाचताना ओळखायचं कसं. अनेकवचन दिसलं आणि पुढे ‘ऑन’ किंवा ‘अगेन्स्ट’ असेल तर डोळे झाकून निर्बंध समजा: इम्पोज सँक्शन्स ऑन, लिफ्ट सँक्शन्स. 1935 मध्ये इटलीने इथिओपियावर हल्ला केला तेव्हा लीग ऑफ नेशन्सने (यूएनच्या आधीची जागतिक संघटना) लावले ते सँक्शन्स, 1966 मध्ये यूएनच्या सुरक्षा परिषदेने ऱ्होडेशियावर (आताचा झिम्बाब्वे) लावले ते पण सँक्शन्स. (गंमत म्हणजे यूएन चार्टरच्या ज्या 41 व्या कलमाखाली हे लावतात त्यात हा शब्दच नाही, तिथे ‘मेझर्स’ म्हटलंय.) उलट एकवचन असेल आणि ‘विथ द सँक्शन ऑफ’, ‘गिव्ह सँक्शन टू’ अशी रचना असेल तर मंजुरी. सँक्शन्ड लोड, सँक्शन्ड पोस्ट, स्टेट-सँक्शन्ड, सगळीकडे मंजूरच. अनसँक्शन्ड म्हणजे विनापरवानगी.

खरी अडचण क्रियापदाची आहे. ‘द कमिटी सँक्शन्ड द प्लॅन’ म्हणजे मंजूर केला, पण ‘द कोर्ट सँक्शन्ड द लॉयर’ म्हणजे कोर्टाने वकिलाला दंड वगैरे केला, अमेरिकेत सिव्हिल प्रोसिजरच्या रूल 11 खाली वकिलांना असे सँक्शन्स बसतात. व्याकरण तेच, अर्थ उलटा! इथे कर्म बघायचं. योजना, खर्च, पद, कर्ज अशी गोष्ट असेल तर बहुतेक मंजुरी, माणूस, कंपनी किंवा देश असेल तर बहुतेक कारवाई. ‘शिक्षा करणे’ हा क्रियापदाचा अर्थ तसा नवा, विसाव्या शतकातला, नामाचा त्यापेक्षा बराच जुना. आणि भारतीय कायद्यात ‘सँक्शन फॉर प्रॉसिक्युशन’ वाचलंत तर दचकू नका, सरकारी अधिकाऱ्यावर खटला भरायला वरून घ्यावी लागणारी परवानगी आहे ती, शिक्षा नाही.

कायद्याचा किंवा तत्त्वज्ञानाचा अभ्यास करत असाल तर अजून एक छटा भेटेल. इंग्लिश तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमने माणसाला नियमात ठेवणाऱ्या गोष्टींनाच सँक्शन म्हटलं: शारीरिक, राजकीय, नैतिक, धार्मिक. म्हणजे लोक काय म्हणतील ही भीती पण सँक्शनच, आणि त्याच्या हिशोबात सुख मिळण्याची आशा पण त्यातच येते, फक्त भीती नाही. परीक्षेत ‘मॉरल सँक्शन’चं भाषांतर सरसकट ‘नैतिक मंजुरी’ करणारे बरेच असतात, तिथे संदर्भ बघूनच ठरवा.

स्वतः लिहिताना मात्र मी हे क्रियापद शक्यतो टाळतो, मंजुरी असेल तर अप्रूव्ह आणि दंड असेल तर पेनलाइझ लिहितो, उगाच समोरच्याला कोड्यात कशाला टाकायचं. नाम बिनधास्त वापरा, त्यात सहसा घोळ होत नाही.