‘अ फीस्ट फॉर क्रोज’ वगळून थेट पाचवा भाग वाचला तर चालेल का?

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या काल्पनिक राज्यांच्या कादंबरीमालेचे तीन भाग तुम्ही झपाटल्यासारखे वाचलेत आणि चौथ्यात, म्हणजे या ‘फीस्ट’मध्ये, शंभर पानांवर अडकलात, म्हणून विचारताय. माझं उत्तर: वगळू नका. पण अडकलात यात तुमचा दोष नाही.

मीही तिथेच अडकलो होतो. नागपूरचा मे महिना, दुपारभर कूलरसमोर पडून तिसरा भाग संपवला आणि त्याच संध्याकाळी बर्डीच्या बाजारात जाऊन चौथा आणला. उघडतो तर आधीची लाडकी पात्रंच गायब: टिरियन नाही, डेनेरिस नाही, जॉन स्नो दुसऱ्याच्या प्रकरणात जेमतेम दिसतो. मार्टिन यांना आधी कथेत पाच वर्षांची उडी घ्यायची होती. ते जमेना, म्हणून बेत सोडला. मग मजकूर इतका वाढला की पुस्तकाचे दोन भाग करावे लागले. ते करताना त्यांनी काळ नाही, माणसं आणि मुलूख वाटले. हा भाग २००५ साली आला आणि उरलेली मंडळी थेट २०११ साली, पाचव्यात. सहा वर्षं ताटकळलेल्या वाचकांचा राग मला पूर्ण पटतो.

त्यात आयर्न आयलंड्स आणि डॉर्न या मुलखांतली नवी माणसं. एरवी प्रकरणाला पात्राचं नाव असतं, इथे ‘द प्रॉफेट’, ‘द कॅप्टन ऑफ गार्ड्स’ असले मथळे. हा कोण, हे उमगेपर्यंत प्रकरण संपतं. राणी सर्सीला दहा प्रकरणं दिलीत. सुरुवातीची फार ताकदीची आहेत, नंतर तोच संशय आणि तोच दारूचा पेला पुन्हा पुन्हा येतो.

ब्रिएन या योद्धा स्त्रीवर तर मी चिडलोच होतो. ती बेपत्ता झालेल्या सान्सा या मुलीला शोधत वणवण करते आणि सान्सा कुठे आहे ते आपल्याला आधीपासून ठाऊक. मग हा शोध वाचायचा कशासाठी?

त्याचं उत्तर मला मेरिबाल्ड भेटल्यावर मिळालं. युद्धाने उजाड झालेल्या गावांतून अनवाणी फिरणारा हा म्हातारा पुजारी. सोबत कुत्रा, गाढव आणि शिधा, त्यात नऊ पोती संत्री! संत्र्यांवर त्याचा फार जीव. (नागपूरकराला माणूस आपला वाटायला एवढं पुरे.) वाटेत तो लुटारू झालेल्या सैनिकांविषयी बोलतो. धन्याने बोलावलं म्हणून विळा-कोयता घेऊन निघालेली साधी माणसं, शेजारी भाऊ आणि मित्र. मग एकेक जण मरतो, जोडे फाटतात, प्रेताच्या पायातले काढून घालावे लागतात आणि एका लढाईत माणूस आतून मोडतो. तो स्वतः लहानपणी भावांमागे युद्धावर गेला होता, म्हणून त्याला हे माहीत आहे.

काटोलकडच्या आमच्या गावात पडकी मातीची गढी आहे. आपल्या भागात अशा गढ्या पेंढाऱ्यांच्या भीतीने गावोगाव उभ्या राहिल्या. १८११ साली तर ते नागपूरच्या वेशीपर्यंत येऊन बाहेरच्या वस्त्या जाळून गेले होते. आजी पेंढाऱ्यांचं नाव घेऊनच आम्हाला झोपवायची. ते कोण होते, फौजेमागे लुटीवर जगण्याआधी कुणाच्या शेतात राबत होते, हा प्रश्न मला त्या पानांपर्यंत कधी पडला नव्हता. मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. आधीच्या तीन भागांत राजे लढले. त्याची किंमत कोणी मोजली, ते ब्रिएनच्या त्या निष्फळ वाटेवरच दिसतं आणि पाचव्या भागाकडे धावलात तर नेमकं तेच हुकेल.

काही जण चौथा आणि पाचवा भाग प्रकरणं मिसळून वाचायला सांगतात. पहिल्या वाचनात तरी तसं करू नका, ब्रिएनची चाल तुटते. आयर्न आयलंड्सची प्रकरणं हवी तर भरभर उरका. मेरिबाल्डचं ते बोलणं ब्रिएनच्या पाचव्या प्रकरणात आहे. तिथवर पोचा आणि त्यानंतरही पुस्तक ठेवावंसं वाटलं, तर खुशाल ठेवा.