भूकंप आधी सांगता येत नाही, मग शिकायचं काय?

पाटण तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलंय. मुलगी बारावी सायन्सला आहे, धक्का बसला की कॅलेंडरवर तारीख-वेळ लिहून ठेवते आणि भूकंपाचंच शिकणार म्हणते. आईचा प्रश्न असा: "भूकंप कधी होणार हे कुणालाच सांगता येत नाही, मग यात शिकायचं काय आणि नोकरी कोण देणार?"

ताई, तारीख-वेळ आधी सांगणं आज जगात कुणालाच जमत नाही, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण मुलीची ती कॅलेंडरवरची नोंद हीच या विद्येची सुरुवात आहे. धक्का जवळचा असला की आधी एक ठोका जाणवतो आणि मग घर हलतं, हे तुम्हीही अनुभवलं असेल. ठोका भूकंपातून निघून आधी पोचणाऱ्या, वेगवान पी लहरींचा, हलणं मागून येणाऱ्या एस लहरींचं. या दोन्हींमधल्या सेकंदांच्या फरकाला साधारण 8 ने गुणलं की भूकंप किती किलोमीटरवर झाला ते कळतं. तीन केंद्रांवरून असं अंतर काढलं की जागा सापडते. तिला पुढच्या वेळी वेळेसोबत हेही लिहायला सांगा. फोनच्या घड्याळावर दोन-तीन सेकंदांचा फरकसुद्धा टिपता येतो.

शिवाय तुम्ही राहता तो भाग जगभरचे शास्त्रज्ञ अभ्यासतात. भारतीय भूपट्ट उत्तरेकडे रेटला जात असल्याने खडकांत ताण आहेच. कोयना धरणाचा जलाशय, शिवाजीसागर, भरू लागल्यावर पाणी भेगांत मुरलं, आतला दाब वाढला आणि ताणलेल्या भेगा सरकायला निमित्त मिळालं. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा जो मोठा भूकंप झाला त्याबद्दल घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. हे समजून घेण्यासाठी कराडला केंद्र सरकारची बोअरहोल भूभौतिकी प्रयोगशाळा आहे. कोयना भागातल्या गोठणे गावाला 3 किलोमीटर खोल विंधन घेतलं, त्यात सव्वा किलोमीटरच्या आसपास बेसॉल्टच लागला, खाली ग्रॅनाइट.

आता नोकरीचं. निव्वळ भूकंपशास्त्राच्या जागा थोड्या असतात, हे आधीच सांगते. म्हणून बारावीनंतर लगेच अरुंद वाट धरू नये. फिजिक्स घेऊन बीएस्सी, मग एमएस्सी प्रवेशाची जॅम परीक्षा देऊन आयआयटीत जिओफिजिक्सची (म्हणजे भूभौतिकीची) एमएस्सी, हा मला सर्वांत भक्कम मार्ग वाटतो. तीच पदवी तेल आणि भूजल शोधण्याच्या कामालाही चालते. यूपीएससीच्या भूवैज्ञानिक परीक्षेतून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जाता येतं. संशोधनासाठी हैदराबादची एनजीआरआय (राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था) आणि दिल्लीचं राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र आहेच. बांधकामाची आवड असेल तर सिव्हिल करून रुरकीला भूकंप अभियांत्रिकीत एमटेक करता येईल. 1993 ला किल्लारीत माणसं मेली ती मुख्यतः दगडमातीच्या जड भिंती आणि माळवदं अंगावर पडून. घर कसं बांधावं हे सांगणाऱ्यांची गरज तिथे फार भयानक रीतीने दिसली. या वाटेला संशोधनापेक्षा जागा जास्त आहेत.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही: तिने गणित घेतलंय की फक्त बायोलॉजी? लहरींचा सगळा हिशेब गणितातच होतो आणि त्याशिवाय वरच्या बहुतेक वाटा बंद होतात. सोडलं असेल तर कॉलेजमध्ये विषय बदलता येतो का, हे याच आठवड्यात विचारा आणि मला कळवा.