वाचक विचारतात : खोटा रिव्ह्यू पडला, आता काय करू?

प्रश्न : नमस्कार ताई, मालवण तालुक्यात आमचा तीन खोल्यांचा होमस्टे आहे, घरगुती जेवण मी स्वतः करते. दिवाळीच्या सुट्टीत चौघांचं बुकिंग होतं, आले सात. एक्स्ट्रा गाद्यांचे माणशी पाचशे सांगितले तर वाद घातला, चेकआऊट अकराचं, निघाले दीड वाजता, आणि त्याच रात्री गूगलवर तीन वन स्टार. एक त्या गृहस्थांचा, एक त्यांच्या मिसेसचा आणि एक असल्या माणसाचा जो आमच्याकडे कधी आलाच नाही. झुरळं होती, मासे शिळे होते, आणि मालकिणीचा नवरा दारू पिऊन अंगावर आला, असं लिहिलंय. ताई, माझे मिस्टर माळकरी आहेत, मासेसुद्धा खात नाहीत, पाहुण्यांसाठी म्हणून पहाटे लिलावातून आणतात. तेवीस रिव्ह्यूंचं आमचं ४.९ होतं ते ४.४ वर आलं. मुलगा म्हणतो त्यांच्या आधारकार्डाची झेरॉक्स आपल्याकडे आहे, नाव पत्त्यासकट टाकून देऊ. तीन रात्री झोप नाही. काय करू?
— एक होमस्टेवाली

उत्तर : ताई, पहिलं म्हणजे मुलाला थांबवा, आत्ताच्या आत्ता. आधारची कॉपी रजिस्टरसाठी घेतलेली असते, ती बाहेर गेली की आत्तापर्यंत चूक त्यांची होती ती तुमची होऊन बसेल, आणि उद्या बुकिंग करणारा प्रत्येक माणूस विचार करेल की यांच्याकडे आपले कागद सेफ आहेत का. त्याचा राग मला पूर्ण समजतो, बापाबद्दल असलं लिहिलेलं कुठल्या मुलाला सहन होईल. पण नको.

दुसरं, आज काही लिहू नका, फक्त पुरावे गोळा करा. तिन्ही रिव्ह्यूंचे स्क्रीनशॉट, तारीख वेळ दिसेल असे, प्रत्येकाची लिंक, बुकिंगचा चौघांचा व्हॉट्सअॅप मेसेज, अॅडव्हान्सची एन्ट्री, रजिस्टरचं पान. रिव्ह्यू लिहिणारा नंतर मजकूर बदलू शकतो, तेव्हा मूळ शब्द तुमच्याकडे असले पाहिजेत.

मग रिपोर्ट करा, पण एक गोष्ट समजून घ्या म्हणजे नंतर निराशा होणार नाही. झुरळ होतं की नव्हतं, मासा ताजा होता की शिळा, असल्या वादात गूगल पडत नाही, तुमचं खरं की त्यांचं हे ते ठरवत नाहीत. त्यांना फक्त त्यांचा नियम मोडलाय का एवढंच बघायचं असतं. म्हणून "हे खोटं आहे हो" असं कळकळीनं सांगून उपयोग होत नाही, नेमका नियम दाखवावा लागतो. तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा तो तिसरा माणूस, जो आलाच नाही, कारण प्रत्यक्ष अनुभव नसताना लिहिलेला रिव्ह्यू त्यांच्या नियमातच बसत नाही. तो पहिल्यांदा रिपोर्ट करा. तुमच्या बिझनेस प्रोफाइलमधून रिपोर्ट केलं तर त्याचं काय झालं ते तिथंच दिसतं, आणि नकार आला तर अपील करता येतं, पण अपील एकदाच मिळतं, म्हणून ते घाईत वाया घालवू नका. बाकीचे दोन राहतील असंच धरून चला.

आता खरं काम, उत्तर. आमच्या घरात ट्रिप ठरली की रात्री जेवणं झाल्यावर मोबाइल घेऊन बसते ती मीच, आणि मी फाइव्ह स्टारवाले वाचतच नाही, आधी वन स्टार उघडते आणि खाली मालकाचं उत्तर आहे का बघते. मालक तावातावानं भांडलेला दिसला की ते ठिकाण मी सोडते, मग चूक कोणाची का असेना. तुमचं उत्तर त्या गृहस्थांना नाहीच मुळी, ते अशा माझ्यासारख्या रात्री अकरा वाजता वाचत बसलेल्या बाईला आहे. त्यांना खोटं पाडायला जाल तर चार पानं होतील, तिला सांगायला पाच ओळी पुरतात. मी तुमच्या जागी असते तर असं लिहिलं असतं :

"नमस्कार. आपलं बुकिंग चार जणांचं होतं, आपण सात जण आलात, वाढीव गाद्यांचे दर आल्याबरोबर सांगितले होते, त्यावरून आपण नाराज झालात याचं वाईट वाटतं. मासे रोज सकाळच्या लिलावातले असतात. खोलीत झुरळ दिसल्याचं त्या वेळी सांगितलं असतंत तर लगेच खोली बदलून दिली असती. माझे पती दारू पीत नाहीत, त्यांच्याबद्दल लिहिलेलं खरं नाही, ते काढावं ही विनंती."

बस, एवढंच. कुणाला नावं ठेवली नाहीत, आकडे दिले, आणि नवऱ्यावरचा आरोप स्पष्ट शब्दात नाकारला, तो मात्र नाकारायलाच हवा, तिथं मिळमिळीत राहू नका. तुमच्याकडे बेळगाव बंगळुरूची मंडळी येत असतील तर खाली हेच हिंदी इंग्रजीतही टाका. उत्तर दिलं की लिहिणाऱ्याला त्याची सूचना जाते, राग उतरल्यावर काही लोक स्वतःच बदलतात. मात्र त्यांना फोन करून मागे लागू नका. आणि झुरळाचं म्हणाल तर एकदा पेस्ट कंट्रोल करून पावती ठेवा, खरंच एखादं निघालं असेल तर आपल्याला कळलेलं बरं.

कायद्याचं विचाराल तर, खोली लहान वाटली, जेवण आवडलं नाही, पैसे जास्त वाटले, हे मत झालं, ते कितीही झोंबलं तरी बदनामी नाही. "दारू पिऊन अंगावर आला" हे मात्र घडलेली गोष्ट म्हणून सांगितलंय, आणि ते खोटं असेल तर बदनामी. पूर्वी आयपीसीचं ४९९-५०० कलम होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ आहे, दोन वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही, किंवा समाजसेवेची शिक्षा. पण हा अदखलपात्र गुन्हा आहे, पोलीस स्टेशनला एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, लिहून घेतील, पुढं तक्रार कोर्टातच करावी लागते. नुकसानभरपाईचा दावा लावायचा तर रिव्ह्यू पडल्यापासून एक वर्षाची मुदत आहे, ती कॅलेंडरवर लिहून ठेवा. आणि गूगलला तो मजकूर काढायला भाग पाडायचं तर सुप्रीम कोर्टाच्या २०१५ च्या श्रेया सिंघल निकालानंतर साध्या वकिली नोटिशीनं ते बांधील होत नाहीत, कोर्टाचा आदेश लागतो.

म्हणून माझं मत विचाराल तर कोर्ट शेवटचं. थायलंडमध्ये को चांग नावाच्या बेटावर एका हॉटेलनं २०२० मध्ये वाईट रिव्ह्यू लिहिणाऱ्या अमेरिकन पाहुण्यावर बदनामीची तक्रार केली, त्याला अटक झाली, दोन रात्री कोठडीत. प्रकरण नंतर मिटलं, पण तोवर जगभर बातमी गेली आणि प्रवाशांचे रिव्ह्यू छापणाऱ्या ट्रिपअॅडव्हायझरनं त्या हॉटेलच्या पानावर इशारा लावला की यांनी रिव्ह्यूवरून माणसाला तुरुंगात घातलंय. एका रिव्ह्यूनं झाली नसती एवढी नाचक्की त्या तक्रारीनं झाली.

रेटिंगचं गणित मी करून बघितलं, तिन्ही तसेच राहिले तरी पुढचे सतराएक फाइव्ह स्टार आले की ४.७ दिसायला लागेल, तीन खोल्यांच्या घराला हा एका सीझनचा प्रश्न आहे. तो तिसरा उडाला तर त्याहून लवकर. तेव्हा झोपा ताई.

प्रश्न : पुण्यात माझं छोटं नाश्ता सेंटर आहे. दोन दिवसांत अकरा वन स्टार पडले, सगळी अनोळखी नावं, एक शब्द लिहिलेला नाही. मग व्हॉट्सअॅपवर मेसेज, पाच हजार द्या, काढून टाकतो. बायको म्हणते देऊन टाका.

उत्तर : दादा, देऊ नका. दिलेत की त्यांना कळलं हा देणारा आहे, पुढच्या महिन्यात परत येतील. ही सरळ खंडणी आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८, इथं पोलिसांकडे बिनधास्त जा, सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवरही तक्रार टाका. त्या नंबरला ब्लॉक करायच्या आधी सगळं चॅट आणि नंबर सेव्ह करा, उत्तर देत बसू नका. अकराही रिव्ह्यू एकेक करून रिपोर्ट करा आणि पैसे मागितल्याचे स्क्रीनशॉट गूगलच्या सपोर्टला पाठवा, कारण असे एकगठ्ठा, शब्द नसलेले रिव्ह्यू निघायची शक्यता भांडणातल्या रिव्ह्यूपेक्षा बरीच जास्त असते. आणि घाबरून आधीच पैसे पाठवून झाले असतील तर आत्ता १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, जेवढा उशीर तेवढी रक्कम हातातून जाते.

प्रश्न : भाचा म्हणतो मार्केटिंगवाला ओळखीचा आहे, पन्नास फाइव्ह स्टार टाकून देतो, वाईट रिव्ह्यू आपोआप खाली जातील. आमची खानावळ आहे. करू का?

उत्तर : नको. गूगलच्या नियमात विकत घेतलेले रिव्ह्यू बसत नाहीत, पकडले गेले तर काढतात. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोचं २०२२ चं आयएस १९००० हे मानकही ऑनलाइन रिव्ह्यूंसाठीच आहे, सध्या ऐच्छिक आहे पण विकत घेतलेले रिव्ह्यू त्यालाही मान्य नाहीत. इटलीत लेच्चे शहरात खोटे रिव्ह्यू विकणाऱ्या एका माणसाला नऊ महिन्यांची कैद झाली, ती बातमी २०१८ ची आहे. आणि रोज जेवणारी माणसं काय आंधळी आहेत का, एका रात्रीत पन्नास जण "अप्रतिम चव" म्हणाले की लगेच ओळखतात.

खरे मागा की. गल्ल्यावर क्यूआर लावा, जेवून हात धुऊन येणाऱ्याला सांगा, कसं वाटलं ते लिहा दोन ओळी. त्याबदल्यात डिस्काउंट किंवा फुकट ताक द्यायचं नाही, तेही नियमात बसत नाही. आणि फक्त खूश दिसणाऱ्यांनाच नाही, आमटी तिखट झाली म्हणून कुरकुरलेल्या काकांनाही सांगा.