सुपरहिरोंचे सिनेमे जुन्या कॉमिक्सवर बेततात की नव्याने सुरू केलेल्या?

दोन्हींवर, तेही एकाच सिनेमात. डीसी या अमेरिकन कॉमिक्स कंपनीनं 2011 मध्ये 'न्यू 52' नावानं आपल्या बहुतेक कथा नव्यानं मांडल्या. 2017 च्या 'जस्टिस लीग' सिनेमातला पॅराडेमन्स या उडत्या राक्षसी सैनिकांचा हल्ला आणि हिरोंच्या टोळीच्या संस्थापकांत सायबॉर्ग हा अर्धा यंत्र असलेला हिरो, हे तिथलंच. आधी सायबॉर्ग टीन टायटन्स या तरुण हिरोंच्या टोळीतला गडी होता. पण त्याच सिनेमात मेलेला सुपरमॅन परत उठतो, त्याचं मूळ 1992-93 च्या कथेत आहे.

डीसीची प्रतिस्पर्धी कंपनी मार्व्हलनं जुनं पुसलं नाही. 2000 पासून 'अल्टिमेट' हे वेगळं विश्व शेजारी चालवलं. मूळ कॉमिक्समधला गुप्तहेरांचा प्रमुख निक फ्युरी गोरा. नव्या विश्वातल्या 'अल्टिमेट्स' कॉमिकमध्ये तो कृष्णवर्णीय अभिनेता सॅम्युअल जॅक्सनच्या चेहऱ्यावरून काढला, अन् 2008 च्या 'आयर्न मॅन'मध्ये खुद्द जॅक्सनच आला! मला हे फार आवडतं.

आमच्या यवतमाळकडच्या गावात ही कॉमिक्स मिळत नाहीत. पोट्टे मोबाइलवर हिंदी डबिंग पाहतात अन् 'खरी गोष्ट कोणती' यावरून भांडतात. त्यांना सांगा, दोन्ही खऱ्या. नवी मांडणी समजून घ्यायची तर 2019 चा 'शझॅम' आधी पाहा. त्यातलं सांभाळ करणाऱ्या घरातल्या भावंडांचं कुटुंब बरंचसं 'न्यू 52'मधून आलंय.