‘भांडी घासली’ हे इंग्रजी पत्रात कसे लिहावे: ‘वॉश्ड द व्हेसल्स’ की ‘डिड द डिशेस’?

‘आय डिड द डिशेस’ असेच लिहावे. ‘वॉश्ड द व्हेसल्स’ व्याकरणाने चुकीचे नसले आणि भारतात सर्रास चालत असले, तरी बाहेरच्या वाचकाला ‘व्हेसल’ म्हटल्यावर टोप-कढई नव्हे, तर मुरगाव बंदरात नांगरलेले जहाज आठवते. फोंड्यात मराठी माध्यमातून आलेल्या मुलांच्या इंग्रजी वह्या तपासताना हाच प्रयोग मला वारंवार आढळतो, कारण मराठीत आपण भांडी घासतो, कपडे धुतो, इस्त्री करतो, तर इंग्रजी डिशेस, लाँड्री आणि आयर्निंग या तिन्हींचे ‘डू’ या एकाच क्रियापदावर भागवते, आणि त्यापुढे बहुधा ‘द’ येते. ‘मेक द बेड’ मात्र वेगळे. त्यात सुताराचे काम नसून चादर-उशी नीट लावणे एवढेच आहे. एक खबरदारी घ्यावी: ‘वॉश अप’ म्हणजे ब्रिटिश इंग्रजीत भांडी घासणे, तर अमेरिकेत हाततोंड धुणे, त्यामुळे पत्र स्विंडनच्या नातेवाइकांना जाणार असेल तर ‘डिड द वॉशिंग-अप’ शोभेल, न्यू जर्सीला जाणार असेल तर नाही. त्यातले ‘अप’ गाळल्यास मात्र भांड्यांऐवजी कपडे धुतल्याचा अर्थ होतो.