फायनल आठवडाभर पुढे गेली असती तर?

प्रश्न : नमस्कार ताई. आमच्या गावात दरवर्षी टेनिस बॉलच्या ओव्हरआर्म मॅचेस असतात, तीन रात्री, लाईटमध्ये. यंदा दुसऱ्या रात्री आमच्याच टीमचा एक मुलगा रन घेताना क्रीजजवळ मटकन खाली बसला, आम्हाला वाटलं पायात गोळा आला असेल, पण तो उठलाच नाही. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं, वय फक्त २९. रात्रीच कमिटी बसली. मांडव, जनरेटरचं भाडं, बाहेरगावच्या टीम आलेल्या, बक्षीस द्यायला पाहुणे ठरलेले, म्हणून दोन मिनिटं शांत उभं राहून उरलेल्या मॅच दुसऱ्या दिवशी खेळवायच्या असं ठरलं. हात मीही वर केला होता. त्याचं घर मैदानाच्या मागेच आहे आणि कॉमेंट्रीचा भोंगा नेमका त्याच बाजूला होता, हे माझ्या लक्षात आलं फायनलच्या शेवटच्या ओव्हरला. तेव्हापासून नीट झोप नाही. मोठ्या लीगवाले अशा वेळी काय करतात? आमचं चुकलं का?
— एक वाचक, रायगड जिल्हा

उत्तर : दादा, सरळच सांगते, चुकलं. पण तुम्ही हे स्वतःहून लिहिलंत, म्हणून तुमच्याशी मोकळेपणाने बोलता येतंय.

माझं मत असं की मॅच पुढे ढकलायलाच हवी. निदान अंत्यविधी होईपर्यंत, आणि त्यानंतर कधी खेळायचं ते त्याच्यासोबत खेळणाऱ्यांना विचारून. आपल्याकडे हे काही नवीन नाही हो, गावात मयत झाली की प्रेत उचलेपर्यंत शेजारी चूलसुद्धा पेटवत नाहीत, भावकीत सुतक आलं तर ठरलेलं लग्न पुढे जातं, मग हॉल बुक असो की पत्रिका वाटून झालेल्या असोत. लग्न थांबतं तर टूर्नामेंट का थांबू नये?

ऑस्ट्रेलियाचा बॅट्समन फिलिप ह्यूजचं आठवत असेलच तुम्हाला. २५ नोव्हेंबर २०१४, सिडनीचं मैदान, ६३ वर नाबाद खेळत होता आणि शॉन अॅबटचा बाउन्सर मानेवर बसला. २७ तारखेला तो गेला, २६वा वाढदिवस तीन दिवसांवर होता. आपली टीम तेव्हा ऑस्ट्रेलियातच होती, पहिली टेस्ट ४ डिसेंबरला ब्रिस्बेनला सुरू व्हायची होती आणि अंत्यविधी ३ डिसेंबरला त्याच्या गावी, मॅक्सव्हिलला. म्हणजे आज मित्राला निरोप द्यायचा आणि उद्या सकाळी टॉसला उभं राहायचं! तसं होऊ दिलं नाही कोणी. दोन्ही बोर्डांनी मिळून वेळापत्रक बदललं, ९ तारखेला अॅडलेडला सुरुवात झाली, ब्रिस्बेन मागे गेलं, सिडनीची टेस्ट ३ ऐवजी ६ जानेवारीला. चारही टेस्ट झाल्या, एकही रद्द झाली नाही. टीव्हीवाले, तिकिटं, हॉटेलं, विमानं हे सगळं अंगावर असताना एवढी मोठी सिरीज हलू शकली, म्हणून जनरेटरच्या भाड्याचं कारण मला पटत नाही, तेवढी वर्गणी गावाने एका संध्याकाळी काढली असती.

ह्यूज गेला त्याच दिवशी शारजाला पाकिस्तान आणि न्यूझीलंडची टेस्ट चालू होती, तिथे तर ह्यूज कोणत्याच टीममध्ये नव्हता, तरी दुसऱ्या दिवसाचा खेळ थांबवला आणि मॅच एक दिवसाने लांबवली. पुन्हा सुरू झाल्यावर न्यूझीलंडवाल्यांनी बॅटी आणि टोप्या बाहेर मांडून ठेवल्या, विकेट पडली की कोणी नाचत नव्हतं, नुसते जवळ येऊन उभे राहायचे. त्यांचा कॅप्टन मॅक्युलमने २०२ केले, मॅच जिंकले, पण आनंदाने उड्या मारतोय असं त्यात काहीच दिसत नव्हतं.

फुटबॉलमध्ये इटलीचं उदाहरण मला फार जवळचं वाटतं. ४ मार्च २०१८ ला फिओरेंटिनाचा कॅप्टन दाविदे अस्तोरी मॅचच्या दिवशी सकाळी हॉटेलच्या खोलीत मृत सापडला. त्या दिवसाच्या लीगमधल्या सगळ्याच मॅच पुढे ढकलल्या, मिलानच्या दोन टीमची मॅचसुद्धा. आठवड्याने फिओरेंटिना आपल्या मैदानावर उतरली, त्याचा नंबर १३, म्हणून १३व्या मिनिटाला खेळ थांबला, अख्खं स्टेडियम उभं. आठवडा मिळाला म्हणून ते रडून मोकळे होऊन खेळू शकले असं मला वाटतं.

आणि आपल्या जवळचं, गोव्याचं. ५ डिसेंबर २००४, बंगळुरूला फेडरेशन कपची फायनल, तिथल्या डेम्पो फुटबॉल क्लबचा क्रिस्टियानो ज्युनियर दुसरा गोल मारता मारता मोहन बागानच्या गोलकीपरला धडकला आणि गेला. डेम्पो २-० जिंकला, दोन्ही गोल त्याचेच. डेम्पोने त्याची १० नंबरची जर्सी कायमची बाजूला ठेवली. त्या कपाकडे बघून त्याच्या सोबत्यांना काय वाटत असेल, याचा विचार केला तरी गलबलून येतं.

आता तुमच्या कमिटीत कोणीतरी म्हणालं असेल, की त्यालाही क्रिकेटचं वेड होतं, तो असता तर म्हणाला असता खेळा. हे वाक्य सगळीकडेच निघतं. सचिनचं उदाहरण देतात, १९९९ च्या वर्ल्डकपमध्ये वडील गेले, तो मुंबईला आला, परत गेला आणि केनियाविरुद्ध नाबाद १४०. पण दादा, जायचं ते त्याने ठरवलं, आईने त्याला पाठवलं. त्यातही झिंबाब्वेविरुद्धची मॅच त्याने सोडलीच होती ना. ज्याचं दुःख त्याने ठरवावं, मांडवात बसलेल्या कमिटीने नव्हे.

आणि विचारायचं म्हणजे तासाभरात नाही. २०२१ च्या फुटबॉलच्या युरो कपमध्ये डेन्मार्कचा एरिकसन मैदानात कोसळला, सुदैवाने वाचला, पण टीमपुढे दोनच पर्याय होते, आज रात्रीच खेळा नाहीतर उद्या दुपारी. पोरं त्याच रात्री उतरली आणि हरली, नंतर त्यांच्या कोचनेच सांगितलं की खेळायला नको होतं. अशा अवस्थेत माणूस कशालाही हो म्हणतो. म्हणून हे आधीच लिहून ठेवा. पुढच्या वर्षीच्या नियमावलीत, एन्ट्री फी आणि वाईड-नोबॉलच्या नियमांच्या वर, एक ओळ टाका की खेळाडू दगावला तर स्पर्धा तिथेच थांबेल आणि पुढची तारीख त्याची टीम देईल. मग त्या रात्री कोणाला हातच वर करावा लागणार नाही. आणि मैदानाशेजारी गाडी आणि छाती दाबायचं शिकलेली दोन माणसं ठेवा, हे तर त्याच्याही आधी.

त्याच्या घरी जाऊन आलात का, ते तुम्ही लिहिलं नाहीत. गेला नसाल तर जा, आणि भोंग्याबद्दल माफी मागा, त्यांना ते ऐकू गेलंच असणार.

अजून एक. ह्यूजला तो बाउन्सर टाकणारा शॉन अॅबट फक्त २२ वर्षांचा होता, त्याला सगळ्यांनी सांभाळलं, ह्यूजच्या घरच्यांनीसुद्धा, आणि दोन आठवड्यांनी त्याच सिडनीच्या मैदानावर त्याने १४ रनमध्ये ६ विकेट घेतल्या. तुमच्या त्या मॅचमध्ये दुसऱ्या टोकाकडून जो मुलगा रन घ्यायला पळत होता, कॉल कदाचित त्यानेच दिला असेल, त्याच्याशी कोणी बोललंय का आजपर्यंत?